सुपरहिरो मनातल्या मनात काय बोलतो?

कर्ण हा मराठी वाचकाचा सर्वांत लाडका सुपरहिरो आहे, असं म्हटलं तर तुम्ही कदाचित हसाल. पण जरा हिशोब मांडून बघा. जन्मतःच अंगावर कवच, जे कुठलंही शस्त्र भेदू शकत नाही. खरी ओळख लपलेली. राधेय म्हणून वाढला, मुळात कौंतेय. बाप थेट सूर्य. आणि एवढ्या ताकदीसोबत एक दुखरी जागा, जी चारचौघांत दाखवता येत नाही. १९३८ साली कॉमिक्समध्ये अवतरलेल्या सुपरमॅनकडे तरी याहून वेगळं काय होतं?

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. आजही हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर विचारा, मुखपृष्ठ निखळलेली एक तरी प्रत निघतेच. खरं तर कर्णाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. शेवटी रथाचं चाक रुतणार, हे कादंबरी उघडण्याआधीच ठाऊक असतं. तरीही आपण ती रात्र-रात्र जागून वाचतो. का? कारण तिथे कर्ण स्वतः बोलतो. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण अशी सहा माणसं आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. महाभारतात आपण कर्णाला बाहेरून बघतो, इथे त्याच्या आत जाऊन बसतो.

आता खरा प्रश्न. हे 'आत जाऊन बसणं' पडद्यावर कसं आणायचं? युवक महोत्सव जवळ आला, की आपल्या नाट्यमंडळात एखादी लघुपटाची कल्पना निघतेच, आणि नायक जरा गंभीर असला की कुणीतरी म्हणतंच, "सोपंय रे, व्हॉइस ओव्हर टाकू!" मी तिथे संहितेची बाजू बघतो, त्यामुळे हे वाक्य बऱ्याचदा कानावर पडलं आहे. व्हॉइस ओव्हर टाकणं सोपं आहे हे खरंच. पण तो केव्हा टाकायचा, कुणाशी बोलायला लावायचा आणि केव्हा गप्प करायचा, हे ठरवणं अवघड आहे. या लेखात तेवढंच बघू या. सांगायचं आहे ते एका वाक्यात असं: मनातला आवाज हा चित्राला जे माहीत नाही ते सांगण्यासाठी असतो. बाकी सगळा या वाक्याचा विस्तार.

आधी शब्द नीट लावून घेऊ

आपण 'व्हॉइस ओव्हर' हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तिथेच घोळ होतो.

निवेदन म्हणजे गोष्टीबाहेरचा माणूस सांगतो ते. स्वगत म्हणजे पात्र एकटं असताना मोठ्याने बोलतं ते, ओठ हलतात. मनोगत म्हणजे ओठ मिटलेले आणि आवाज मात्र आपल्याला ऐकू येतो. आणि चौथा प्रकार, पात्र थेट प्रेक्षकाकडे वळून बोलतं.

गंमत म्हणजे ही वर्गवारी आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यपरंपरेत 'स्वगत' आहेच, शिवाय 'जनान्तिक' आहे. त्यात नट हाताची त्रिपताक मुद्रा धरून एका पात्राशी बोलतो आणि रंगमंचावरच्या इतरांना ते ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी मान्य करायचं. 'आकाशभाषित' म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी बोलणं. "काय म्हणालास? येणार नाहीस?" असं म्हणत नट दोन्ही बाजू एकटाच सांभाळतो. म्हणजे आतला आवाज बाहेर काढायला काहीतरी युक्ती लागते आणि प्रत्येक युक्तीचे नियम वेगळे असतात, हे आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आकाशभाषिताचं आधुनिक उदाहरण आपल्या शहराच्या माणसांनीच दिलं आहे. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी ही लेखक-दिग्दर्शक जोडी इथल्या रंगभूमीवर घडली. त्यांच्या 'चारचौघी' (१९९१) या नाटकात विद्याचा एक लांबलचक फोनचा प्रवेश आहे. आधी वंदना गुप्ते आणि २०२२ च्या नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी तो केला. फोनच्या पलीकडचा माणूस आपल्याला ना दिसतो ना ऐकू येतो. पण विद्याच्या आत काय काय तुटतंय, ते सगळं कळतं. तिथे व्हॉइस ओव्हर नाही, फक्त हातात फोन आहे. मनातलं बाहेर काढायला दरवेळी मायक्रोफोनच लागतो असं नाही!

एका ठोशात चाळीस शब्द

सुपरहिरो बहुतेक कॉमिक्समधून आलेले. तेव्हा कॉमिकचं पान कसं चालतं ते आधी बघू.

स्पायडरमॅन १९६२ साली आला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा. त्याच्या डोक्यावर ढगासारखे विचारांचे फुगे असतात. इमारतीवरून उडी मारतानाही त्याला भाड्याची काळजी, काकूची औषधं, कॉलेजचा अभ्यास असं सगळं सुचत असतं. एका ठोशाच्या चित्रात चाळीस शब्द असले तरी वाचकाला खटकत नाही. कारण कॉमिकमधलं चित्र थांबलेलं असतं. वेळेचा ताबा वाचकाकडे असतो. तो शब्द वाचेपर्यंत ठोसा हवेतच राहतो.

सिनेमात ठोसा अर्ध्या सेकंदात बसून संपतो. चाळीस शब्द बोलायला पंधरा-वीस सेकंद लागतात. म्हणजे एक तर हाणामारी थांबवा, नाहीतर बोलणं थांबवा. कॉमिकमधले फुगे जसेच्या तसे आवाजात उतरवले की सिनेमा अडखळतो तो यामुळे.

दुसरा मुद्दा आपल्या अभ्यासक्रमातला आहे. कम्युनिकेशनच्या पेपरात 'रिडन्डन्सी' शिकतो ना आपण? एकच माहिती दोनदा पाठवणं. वाटेत नॉईज असेल तर त्याचा उपयोग होतो. पण थिएटरच्या अंधारात प्रेक्षक एकटक बघत असतो, तिथे नॉईज कुठे आहे? नायक रडताना दिसतोय आणि आवाज म्हणतोय, "मला खूप दुःख झालं होतं." दुसऱ्यांदा पाठवलेली ही माहिती वाया जाते. शिवाय प्रेक्षकाला वाटतं, हे लोक मला बावळट समजतात की काय!

फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी १९८७ साली बॅटमनची 'इयर वन' ही कथा केली. तिथे विचारांचे फुगे नाहीत, चौकटी आहेत. काही ब्रूस वेनच्या, काही पोलिस अधिकारी गॉर्डनच्या, आणि दोघांची अक्षरं वेगळी. एकाच शहरात दोन माणसं दोन गोष्टी बघताहेत, हे अक्षरावरूनच कळतं. 'मृत्युंजय'मध्ये सहा माणसं बोलतात तेव्हा होतं तेच हे. आतला आवाज एकाहून जास्त माणसांचा असला की वाचक आपोआप तुलना करायला लागतो आणि कुणाचं खरं, हे स्वतः ठरवतो.

मुखवट्याची अडचण

सिनेमातल्या नटाचं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? चेहरा. आणि सुपरहिरोच्या कपड्यात नेमका तोच झाकलेला असतो! कॉमिकमध्ये वेताळाच्या मुखवट्यात डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी भोकं असतात. 'इंद्रजाल कॉमिक्स' वाचत वाढलेल्या आपल्या काका-मामांना विचारा, त्यांना त्याची भीतीही वाटायची आणि मजाही. पण पडद्यावर दोन तास पांढऱ्या भोकांकडे बघून प्रेक्षकाला नायकाचं मन कळणार कसं?

वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी यावर वेगवेगळे उपाय केले. एक-एक बघू, कारण प्रत्येकात आपल्याला उचलता येईल असं काहीतरी आहे.

'आयर्न मॅन' (२००८) मध्ये कॅमेरा थेट हेल्मेटच्या आत नेला. बाहेरून लोखंडी मुखवटा, आतून टोनी स्टार्कचा चेहरा आणि त्याभोवती तरंगणारे आकडे. शिवाय बोलायला जार्विस हा यंत्रातला आवाज. म्हणजे जे मनोगत झालं असतं त्याचा संवाद झाला. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा उपाय आवडणारच!

सॅम रायमीच्या 'स्पायडरमॅन' (२००२) मध्ये सुरुवातीला आणि शेवटी पीटर पार्करचा आवाज आहे. मधल्या भागात खलनायक नॉर्मन ऑस्बर्न आरशातल्या स्वतःशी बोलतो. आरशाबाहेर घाबरलेला माणूस, आरशात ग्रीन गॉब्लिन. एकच नट, एकच खोली, एक आरसा. खर्च किती? आपल्या हॉस्टेलच्या वॉशबेसिनवरही हा सीन शूट होईल. आणि 'स्पायडरमॅन २' (२००४) मधला ट्रेनचा प्रसंग आठवा. मुखवटा निघालेला, बेशुद्ध पडलेला पोरगेला चेहरा आणि भोवती जमलेले प्रवासी. तिथे मनोगत नाहीच. मुखवटा काढणं हेच त्या जागी मनोगत आहे.

'डेडपूल' (२०१६) थेट प्रेक्षकांशी गप्पा मारतो. 'व्हेनम' (२०१८) मध्ये आतला आवाज हा खरोखरच दुसरा प्राणी आहे आणि तो नायकाशी भांडतो. १९९६ च्या 'फँटम' या वेताळावरच्या चित्रपटात नायकाला त्याच्या मृत वडिलांचं भूत दिसतं. ते त्याच्याशी बोलतं आणि गोष्टीचं निवेदनही तेच करतं. म्हणजे पुन्हा आकाशभाषितच!

आवाज कुणाशी बोलतोय?

वरच्या उदाहरणांतून एक प्रश्न आपोआप तयार होतो. संहिता लिहिताना तो कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: हा माणूस कुणाशी बोलतोय?

'वॉचमेन' या ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या कॉमिकमधला (१९८६-८७) रॉरशाक डायरी लिहितो. २००९ च्या झॅक स्नायडरच्या चित्रपटातही डायरीचा तो खरखरीत आवाज ठेवला आहे. त्याच्या मुखवट्यावर शाईचे डाग सारखे हलत असतात, चेहरा दिसतच नाही. पण महत्त्वाचं हे, की डायरी ही खरी वस्तू आहे. शेवटच्या मोहिमेवर जाण्याआधी तो ती एका वर्तमानपत्राकडे पाठवून देतो आणि गोष्टीचा शेवट त्या डायरीवर येऊन थांबतो. तिथे मनोगत ही सजावट राहत नाही. कथानकाच्या खालून मनोगत काढून घेतलं, तर कथानकच कोसळतं. चांगल्या मनोगताची ही एक पक्की कसोटी धरा: ते काढून टाकलं तर काही बिघडतं का? काहीच बिघडत नसेल तर काढूनच टाका.

मॅट रीव्ह्जच्या 'द बॅटमॅन' (२०२२) मध्येही सुरुवातीला दैनंदिनीचा आवाज आहे. तो तरुण बॅटमन स्वतःला सूड समजतो, लोकांनी घाबरावं असं त्याला वाटतं. शेवटी तोच आवाज परत येतो, पण मध्ये पूर आणि माणसांचे जीव वाचवणं घडून गेलेलं असतं. आता त्याला कळलेलं असतं, की नुसत्या सुडाने भागत नाही, लोकांना आशा लागते. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या मनोगतामध्ये माणूस बदललेला आहे. ही दुसरी कसोटी. दोन्हीकडे एकच सूर असेल तर मधल्या दोन तासांत काय केलं?

मराठीत काय घडलं?

मराठीत मुखवटाधारी नायकाचा सरळ प्रयत्न म्हणजे निखिल महाजन यांचा 'बाजी' (२०१५). श्रेयस तळपदे त्यात घोड्यावरून येणारा नायक झाला होता. पण ती गोष्ट पडद्यासाठीच लिहिलेली. पुस्तकातून पडद्यावर आलेला आपला लाडका वीर म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्याच्याकडे दैवी शक्ती नाही, फक्त सायकल, पाय आणि डोकं आहे. पण लहान मुलांच्या मनात त्याची जागा सुपरहिरोचीच!

पुस्तकातला बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. त्याच्या डोक्यात काही चमकलं, की तोंडातून आवाज निघतो: "ट्टॉक्!" मला विचाराल तर मराठीतलं सर्वांत छोटं मनोगत हेच. एका अक्षरात कळतं, की पोराला काहीतरी सापडलंय. काय सापडलंय ते मात्र कळत नाही, म्हणून आपण पान उलटतो. माहिती लपवायची आणि उत्सुकता दाखवायची, दोन्ही कामं एकाच आवाजात!

२०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' हा चित्रपट केला. अमेय वाघचा फेणे आता मोठा आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलाय आणि परीक्षेच्या घोटाळ्यात अडकतो. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी चक्क भा. रा. भागवत साकारले आहेत. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. पुस्तकात जो लेखक बाहेर राहून आपल्याला फेणेची गोष्ट सांगत होता, तो चित्रपटात फेणेच्या समोरच येऊन बसला. निवेदकाचा श्रोता झाला. फेणेला मनातल्या मनात बोलायची गरज उरली नाही, कारण ऐकणारे आजोबा समोर आहेत.

'नटसम्राट' बघा. शिरवाडकरांच्या १९७० च्या नाटकात गणपतराव बेलवलकर स्वगतं बोलतात, आणि ती खोटी वाटत नाहीत, कारण तो माणूसच नट आहे. एकट्याने मोठ्याने बोलणं हा त्याचा धंदा होता! २०१६ च्या महेश मांजरेकरांच्या चित्रपटात नाना पाटेकरांच्या बेलवलकरासमोर विक्रम गोखल्यांचा रामभाऊ हा मित्र आहे. दोन म्हातारे नट एकमेकांना जे बोलतात, त्यातलं बरंचसं एरवी स्वगतात गेलं असतं.

'छावा' तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला. संभाजी महाराज इतिहासपुरुष आहेत, त्यांना सुपरहिरोच्या रांगेत बसवायचं नाही. पण पडद्यापुढचा प्रश्न तोच आहे, म्हणून उदाहरण घेतो. सावंतांचीच १९७९ ची कादंबरी, लक्ष्मण उतेकरांचा २०२५ चा हिंदी चित्रपट. त्यात अजय देवगणच्या आवाजात आहे ते निवेदन, बाहेरच्या माणसाचं. महाराजांच्या मनातलं मात्र शेवटच्या भागात कळतं, जेव्हा साखळदंडांत जखडलेले महाराज आणि कवी कलश एकमेकांशी काव्यातून बोलतात. शरीराला काहीच करता येत नाही आणि म्हणूनच तिथे शब्दांना जागा मिळते. हाणामारीत शब्द नकोत, हालचाल थांबली की हवेत. कॉमिकच्या थांबलेल्या चित्राचा नियम इथे दुसऱ्या वाटेने लागू पडला, बघा!

गप्प राहण्याची ताकद

दरवर्षी फर्स्ट इयरची ट्रिप अजिंठ्याला जाते. लेणी क्रमांक १ मध्ये पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. हातात कमळ, डोक्यावर मुकुट आणि खाली झुकलेले डोळे. भोवती गर्दी आहे, पण तो त्या गर्दीत नाही. त्याच्या डोक्यावर कुणी विचाराचा फुगा काढलेला नाही. तरी शेकडो वर्षं लोक त्याच्यासमोर उभं राहून आवाज खाली आणतात. चेहरा बोलत असेल तर आवाजाने मध्ये पडू नये, हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की पटतं.

नोलनच्या 'द डार्क नाइट' (२००८) मध्ये बॅटमनचं मनोगत नाही. शेवटी तो दुसऱ्याचा गुन्हा स्वतःवर घेऊन पळतो. आत काय चाललंय हे तो सांगत नाही. तो का पळतोय हे गॉर्डन आपल्या लहान मुलाला समजावतो आणि आपल्यालाही तेव्हाच कळतं. वीराच्या मनातलं त्याच्याऐवजी दुसऱ्याने बोलावं, हाही एक मार्ग आहे. आणि कधीकधी तोच जास्त लागतो, कारण वीराला स्वतःची बाजू मांडता येत नाही हेच तर त्याचं दुःख असतं.

एक प्रात्यक्षिक: कवचकुंडलं

आता थिअरी पुरे, प्रॅक्टिकल करू. कर्ण कवचकुंडलं दान करतो तो प्रसंग, पाच मिनिटांचा लघुपट. आधी एक व्यवहाराची गोष्ट. 'मृत्युंजय'मधली वाक्यं उचलायची नाहीत. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि सावंत २००२ साली गेले. महाभारत मात्र सगळ्यांचं आहे. वनपर्वातला प्रसंग घ्या आणि वाक्यं स्वतः लिहा.

प्रसंग असा. सूर्य आधी स्वप्नात येऊन सावध करतो, की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल, देऊ नकोस. मग इंद्र येतो, मागतो, कर्ण शस्त्राने कवच कापून देतो.

पहिला, नेहमीचा मसुदा असा होतो: "हा ब्राह्मण नाही, इंद्र आहे, हे मी ओळखलं होतं. पण मी दानवीर! माझ्या दारातून याचक विन्मुख कसा जाईल? मला असह्य वेदना होत होत्या, पण मी हसत होतो." यातला एकही शब्द कामाचा नाही. इंद्र आहे हे प्रेक्षकाला स्वप्नातून कळलंय. दानवीर आहे हे शाळेत कळलंय. वेदना दिसताहेत, हसू दिसतंय. वर हा माणूस स्वतःची पाठ थोपटतोय!

आता दुसरा मसुदा. ब्राह्मण समोर उभा. कर्ण तोंडाने म्हणतो, "मागा." आणि मनात: "सूर्यदेवांना माझी एवढी काळजी का वाटावी? इतकी काळजी तर फक्त माझ्या आईने केली आहे."

काय झालं इथे? कर्णाला अजून माहीत नाही, की सूर्य त्याचा बाप आहे. आपल्याला माहीत आहे. तो 'आई' म्हणतो तेव्हा राधा म्हणतो. आपल्या डोक्यात मात्र कुंतीही येऊन जाते. चित्रात फक्त दोन माणसं नदीकाठी उभी आहेत. आवाजाने त्यात न दिसणारी तीन माणसं आणून उभी केली.

मग कवच कापणं. इथे पूर्ण गप्प. नदीचा आवाज, शस्त्राचा आवाज, बस्स. कर्णाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नको. इंद्राच्या चेहऱ्यावर ठेवा. देणारा शांत आहे आणि घेणाऱ्याला बघवत नाही.

इंद्र निघून जातो. कर्ण एकटा. एकच वाक्य: "छातीला वारा लागतो, हे मला माहीतच नव्हतं."

संपलं. जन्मापासून कवच घातलेल्या माणसाला पहिल्यांदा वारा लागला. वेदना, भीती, मरण जवळ आल्याची खूण, यातलं काहीही न बोलता सगळं येतं. याहून चांगलं वाक्य तुम्हाला सुचेल, जरूर सुचू द्या. पद्धत तेवढी लक्षात ठेवा.

थोडं तांत्रिक

मनोगत रेकॉर्ड करताना स्टुडिओ हवाच असं नाही. हॉस्टेलची खोली, भिंतीला गाद्या उभ्या केलेल्या, खिडकीला ब्लँकेट, पंखा बंद. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरासा बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसणार नाही. नटाला सांगा, समोर कुणी नाही असं बोल. स्टेजचा आवाज लावू नको. एकांकिका करून आलेल्या पोरांना हे सगळ्यात जड जातं, कारण त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते. इथे शेवटची रांग म्हणजे स्वतःचाच कान.

शक्य असेल तर आवाज आधी रेकॉर्ड करा आणि शूटिंगच्या वेळी नटाच्या कानात इयरफोनमधून तो वाजवा. ओठ मिटलेले असले तरी डोळे त्या शब्दांना उत्तर देतात. आणि लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. आवाज संपल्यावर खाली ती शांतता लागते, नाहीतर ट्रॅक एकदम मेल्यासारखा वाटतो.

शेवटी संहिता हातात घ्या आणि मनोगताचं प्रत्येक वाक्य पेन्सिलने खोडून बघा. चित्र तेवढंच कळत असेल तर ते खोडलेलंच राहू द्या. दहातली दोन-तीन वाक्यं उरली तर उत्तम.

हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, काय एवढं त्या सुपरहिरोच्या मनाचं! पण आपल्याच हॉस्टेलमध्ये रोज रात्री नऊच्या सुमारास कॉरिडॉरमध्ये काय ऐकू येतं? "हो आई, जेवलो. मेसचं जेवण चांगलंय. पेपर? मस्त गेला. पैसे आहेत, नको पाठवू." यातलं किती खरं असतं, ते बोलणाऱ्याला माहीत असतं. मोठा मुलगा म्हणून, घरातला पहिला इंजिनिअर होणारा म्हणून, प्रत्येकाच्या अंगावर एक कवच असतं. घरच्यांना वाटतं, आमच्या पोराला काही भेदत नाही. त्या फोनवरच्या शब्दांच्या खाली दुसरा आवाज चालू असतो आणि तो कुणाला ऐकू जात नाही.

म्हणून बलवान माणसाचं मनोगत लिहिणं हे मला महत्त्वाचं काम वाटतं. ताकदवान माणूसही आत काहीतरी बोलत असतो, हे पडद्यावर दिसलं, की बघणाऱ्याला आपल्या शेजारच्या खोलीतल्या 'एकदम ओके' असणाऱ्या मित्राकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं. त्याच्या दारावर एकदा टकटक करावीशी वाटते.

तर मंडळी, महोत्सवाच्या संहिता सुरू होतीलच. विषय कर्णाचा घ्या, फेणेचा घ्या, नाहीतर तुमच्याच विंगमधल्या एखाद्या पोराला सुपरहिरो करा. फक्त लिहायला बसण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: तू तोंडाने काय म्हणतोस, ते ऐकलं, आता मनात काय म्हणतोस? दोन्ही उत्तरं सारखीच आली तर अजून थोडं थांबा, चहा घ्या आणि पुन्हा विचारा.